मदत हवी आहे : आईचा चालताना तोल जातो, नागपुरात व्यायाम कोण शिकवतं?

नमस्कार मंडळी. आई ७६ वर्षांची, आम्ही प्रतापनगरला राहतो. वळताना तिचा तोल जातो, भिंत धरावी लागते. डॉक्टरांनी बीपी, साखर, डोळे, कान तपासले. गोळ्याही पाहिल्या, कारण झोपेच्या किंवा बीपीच्या गोळ्यांनीही असं होऊ शकतं. आता पायांची ताकद आणि तोल, दोन्हींचा सराव करा म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस असा व्यायाम सांगितलाय. नुसत्या फेऱ्या पुरत नाहीत हे मला पटलंय, त्या तर आई रोज अंगणात मारतच होती.

सध्या ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि एका पावलापुढे दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चालणं, एवढं करवून घेते. शेवटच्याला ती फार घाबरते. मी शेजारी असले तरी ओटा सोडत नाही. आधार कमी कसा करत न्यायचा? आधी दोन हात, मग एक, मग नुसती बोटं, असं कुणी केलंय का?

घरी येणारे चांगले फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर कृपया सांगा. त्रिमूर्तीनगर, खामला, धरमपेठ भागात ज्येष्ठांचा गट असेल तर फारच उत्तम, चार बायकांसोबत ती हमखास करेल. फक्त जागा तळमजल्यावर हवी, आणि उन्हाळ्यात वेळ सकाळी ८ च्या आतली.