नवरा खोटे बोलतो आहे हे कळले आहे. त्याला कसे आणि केव्हा विचारावे?

शेवंती_नागपूर

नमस्कार. मी ३४ वर्षांची असून नागपूरला त्रिमूर्ती नगरात राहते. लग्नाला नऊ वर्षे झाली आहेत, मुलगी पहिलीत आहे आणि सासूबाई आमच्याकडेच असतात. नवरा शेतीच्या पंपांच्या विक्रीत आहे, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी त्याचा अमरावतीचा दौरा असतो. गाडीचे कर्ज माझ्या पगारावर घेतलेले असल्याने गाडी माझ्या नावावर आहे आणि फास्टॅगचे संदेश माझ्याच मोबाइलवर येतात. तो अमरावतीला गेला की गोंडखैरी नाक्याचा संदेश येई आणि मी तो न वाचताच पुसून टाकत असे.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी तो अमरावतीला म्हणून निघाला आणि ११ च्या सुमारास बोरखेडीचा संदेश आला. बोरखेडी हिंगणघाटच्या वाटेवर आहे. अमरावतीचा आणि त्या रस्त्याचा काही संबंध नाही. काम बदलले असेल असे समजून मी गप्प राहिले. रात्री जेवताना मात्र त्याने अमरावतीचा एक दुकानदार पैसे द्यायची वेळ आली की चष्मा कसा शोधू लागतो, याची नक्कल करून दाखवली. मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात एकच विचार होता की हा माणूस आज अमरावतीला गेलेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी सहज विचारल्यासारखे केले, तर उत्तर आले, "तू काहून एवढी चौकशी करून राहिली?" मग मी फास्टॅगचे सहा महिन्यांचे विवरण काढले. बोरखेडीच्या सात फेऱ्या निघाल्या आणि त्या सातही दिवशी त्याने मला अमरावती सांगितले होते. त्यानंतर एकदा त्याच्या फोनच्या पडद्यावर 'हिंगणघाट डीलर' या नावाने आलेला संदेश दिसला: "पोहोचलास का? जेवून घे."

माझी आई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची, मुलीकडे बघून गप्प राहा. कार्यालयातली मैत्रीण म्हणते, आणखी पुरावा गोळा कर. त्याच्या फोनचा पॅटर्न मला ठाऊक आहे, पण तो उघडावा की नाही हे कळत नाही. मला भांडण नको आहे, खरे काय ते हवे आहे. कसे विचारावे?

ट्रान्सपोर्टवाला_वाडी

ताई, फास्टॅगबद्दल तेवढे सांगतो. संदेश कधी कधी तासन्‌तास उशिरा येतो आणि क्वचित एखाद्या गाडीची रक्कम दुसरीच्याही नावावर कापली जाते. त्यामुळे एका संदेशावरून कोणाला धरू नये. विवरणात नाक्यावरून गेल्याची वेळ पाहा. जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही नोंदी हिशेबात बसत असतील आणि असे सात वेळा झाले असेल, तर ती यंत्राची चूक नव्हे.

काकू_धंतोली

शेवंती, २२ वर्षांपूर्वी मी तुझ्या जागी होते. तेव्हा फास्टॅग नव्हता, पण टेलिफोनची बिले होती. मी तीन महिने पुरावे जमवले आणि मग सापळा लावला, म्हणजे उत्तर ठाऊक असलेला प्रश्न काहीच ठाऊक नसल्यासारखा विचारला. ते खोटे बोलले, मी बिल पुढे केले, आणि पुढचे दोन तास मूळ गोष्ट बाजूलाच राहून मी पाळत का ठेवली यावर वाद झाला. कबुली मिळाली, पण बिलावर जेवढे होते तेवढीच. जेवढा पुरावा तेवढीच कबुली, हा अनुभव मी नंतर आणखी दोघींकडून ऐकला आहे. उरलेले मला वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी कळत गेले आणि प्रत्येक तुकडा पहिल्या दिवसाइतकाच लागला.

म्हणून माझे मत असे आहे की 'त्या दिवशी कुठे होतास' हा प्रश्न विचारूच नकोस, कारण तो प्रश्न नसून परीक्षा आहे आणि खोटे बोलायची सवय झालेला माणूस त्या परीक्षेत खोटेच लिहिणार. 'तू अमरावतीला जात नव्हतास हे मला माहीत आहे, खरे काय ते तुझ्या तोंडून ऐकायचे आहे,' एवढे सरळ सांग. किती फेऱ्या ठाऊक आहेत, कशावरून कळले, हे त्या क्षणी सांगायची गरज नाही. आणि नंतर गप्प बस. ही गप्प बसण्याची गोष्ट सर्वांत कठीण आहे. मला ती कधीच जमली नाही. समोरचा अडखळला की आपणच त्याचे वाक्य पुरे करतो आणि सुटायची वाट आपल्या हाताने काढून देतो.

सासूबाई घरात असताना हा विषय काढू नकोस, कारण त्यांच्यासमोर तो नवरा राहणार नाही, मुलगा होईल. गाडीतही नको. रिंग रोडवर स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला असे काही विचारणे जिवाशी खेळ आहे. फुटाळा तलावावर निवांत बोलू असे मनात येईल, पण तिथल्या गर्दीत ना तुला रडता येईल ना त्याला. मुलीला माहेरी पाठव आणि घरातच बोल. आणि त्या दुसऱ्या बाईला फोन करू नकोस. तिचे तुझ्याशी लग्न झालेले नाही, जाब त्याने द्यायचा आहे.

बिनधास्त_सदर

एवढा विचार कशाला करता? पॅटर्न माहीत आहे ना, मग रात्री फोन उघडा, सगळ्याचे फोटो काढा आणि सकाळी त्याच्यासमोर ठेवा. पोलिसांत गेलात तर आणखी चांगले.

वकील_सिव्हिल_लाइन्स

वरील सल्ल्यातील दोन्ही गोष्टी अडचणीत आणू शकतात, म्हणून लिहितो आहे. व्यभिचार हा आता गुन्हा नाही. भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. ते कलम असतानाही पत्नीला त्याखाली तक्रार करता येत नव्हती, कारण कायदा दुसऱ्या स्त्रीचा नवरा फसवला गेला असे मानत होता, पत्नीला तो मोजतच नव्हता. केवळ दुसऱ्या बाईशी संबंध आहेत या कारणासाठी पोलीस गुन्हा नोंदवणार नाहीत. मारहाण, छळ किंवा आर्थिक कोंडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू होतो.

घटस्फोटाचे कारण म्हणून मात्र व्यभिचार हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये आजही आहे. फोनबद्दल सांगायचे तर, पती-पत्नीने एकमेकांच्या नकळत केलेले संभाषणाचे ध्वनिमुद्रण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून विचारात घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे. त्याचा अर्थ दुसऱ्याचा फोन उघडून चाळायला परवाना मिळाला असा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली उलट तुमच्याच विरुद्ध तक्रार होऊ शकते. फास्टॅग तुमच्या नावावर आहे, त्याचे विवरण तुमचेच आहे; ते जपून ठेवा आणि तेवढ्यावर थांबा.

आता ज्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही ती गोष्ट. हिंदू विवाह कायद्याच्याच कलम २३ प्रमाणे, व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागणाऱ्याने ते कृत्य माफ केलेले नसावे लागते. सर्व कळल्यानंतर 'झाले गेले विसरून जाऊ' म्हणून पूर्ववत संसार सुरू केला, तर पुढे त्याच जुन्या गोष्टीवर दावा करताना समोरचा वकील हाच मुद्दा काढेल. माफ करू नका असे मी म्हणत नाही. संसार टिकवण्यासाठी माफी दिलीच पाहिजे असे मला अनेकदा वाटते. पण ती विचारपूर्वक द्या, रडारडीच्या रात्री दमून देऊ नका. कौटुंबिक न्यायालयातही आधी समेटाचाच प्रयत्न होतो, तिथे समुपदेशक असतात. सल्ल्यासाठी पैशांची अडचण असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

निनावी_प्रतापनगर

मी पलीकडच्या बाजूने लिहितो आहे. चार वर्षांपूर्वी मी हेच केले होते. सहानुभूती मागत नाही, फक्त खोटे कसे चालते ते सांगतो. पहिले खोटे बोलताना छाती धडधडते, दहाव्या वेळी त्यात रंग भरायला मजा वाटू लागते. तुमच्या नवऱ्याने केलेली ती नक्कल वाचून मला माझीच लाज वाटली, कारण न झालेल्या बैठकीत कोणी काय खाल्ले हेही मी घरी सांगत असे.

माझ्या बायकोने पहिल्यांदा माझ्या दोन्ही भावांसमोर विचारले. मी साफ नाकारले, वर तिलाच संशयी ठरवले आणि भावांनी माझी बाजू घेतली. दुसऱ्यांदा, तीन आठवड्यांनी, ती ओट्याजवळ मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आज मी काहीच ठरवणार नाही, पण आज तू खोटं बोललास तर उद्या ठरवायला काही उरणार नाही." मी खाली बसलो आणि सांगितले. तिने ओरडायला हवे होते असे अजूनही वाटते. ती जुडी संपेपर्यंत मेथीच निवडत राहिली.

एक सूचना, ताई. बँकेचा हिशेबही बघा. माझ्या बाबतीत बाई संपली तरी कर्ज संपले नव्हते. क्रेडिट कार्ड आणि घरातल्या सोन्यावर काढलेले पैसे मी शेवटपर्यंत लपवले होते, आणि बायकोला त्याचा राग संबंधांपेक्षा कमी आला नाही.

परिचारिका_अजनी

कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. त्याने कबुली दिली किंवा नाही दिली, तरी स्वतःची तपासणी करून घ्या. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते, आधी समुपदेशन करतात आणि माहिती गुप्त ठेवतात. हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसचीही चाचणी सांगा. संसर्ग झाल्यावर काही आठवडे तो चाचणीत दिसत नाही, म्हणून पहिला अहवाल चांगला आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा जा. तिथे कोणी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघत नाही. लग्न झालेल्या कितीतरी बायका येतात.

शेवंती_नागपूर

सर्वांचे आभार. फोन उघडला नाही. विवरणाच्या छापील प्रती बहिणीकडे मनीष नगरला ठेवल्या आणि गेल्या रविवारी दुपारी, सासूबाई भजनाला आणि मुलगी मावशीकडे गेलेली असताना, काकूंनी सांगितले तसेच विचारले. आधी तो म्हणाला की हिंगणघाटला नवीन डीलर करायचा होता, जमले नसते तर हसे झाले असते म्हणून बोललो नाही. मी काही बोलले नाही. समोर चहाचे कप होते, त्यावर साय आली तरी मी बोलले नाही. मग त्याने सांगितले. महाविद्यालयातली ओळख आहे आणि हे १४ महिने चालले आहे. माझ्याकडे सहाच महिन्यांचे विवरण होते, उरलेले आठ महिने त्याने स्वतःहून सांगितले. याला प्रामाणिकपणा म्हणावे की काय म्हणावे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी मेडिकलला जाऊन आले. बँकेत गडबड नाही. समुपदेशकाकडे पुढच्या बुधवारी दोघेही जाणार आहोत. माफीबद्दल मी एक अक्षर बोललेले नाही आणि सध्या मुलीच्या खोलीत झोपते आहे. आईला सांगितले, तिने दोन दिवस फोन केला नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन स्वयंपाक करून गेली.

काल रात्री जेवताना मुलीने पुन्हा हट्ट धरला, "बाबा, तो चष्मेवाला कर ना." तो माझ्याकडे बघत राहिला. मी तिच्या पानात वरण वाढले. ती म्हणाली, "विसरलास का?" तो हो म्हणाला.