सैन्यातून बाहेर पडलेल्यांना करिअर कोचिंग करताना सुरुवात कुठून करायची?

समुपदेशक_ताई

नमस्कार मंडळी. मी पाच वर्षं करिअर कोचिंग करतेय पण आतापर्यंत आलेले लोक म्हणजे एका कंपनीतून दुसरीकडे जाणारे नाहीतर ब्रेकनंतर परत कामाला लागणाऱ्या बायका. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच एक माजी सैनिक आले, चाळिशीचे, १९ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी सप्लायमध्ये. रेझ्युमे अर्ध्या पानाचा, त्यात युनिटची नावं, कोर्सची मला न कळणारी अक्षरं, आणि शेवटी शिस्तप्रिय, वक्तशीर, मेहनती. मी विचारलं तुम्ही तिथे नेमकं काय करायचात, तर म्हणाले "विशेष काही नाही मॅडम, जी ड्युटी दिली ती केली." मग विचारलं पुढे काय करायला आवडेल, तर बराच वेळ गप्प. आणि मग हळूच म्हणाले, हे मला आजवर कोणी विचारलंच नाही.

मला खरंच सुचेना काय बोलावं. आवडीनिवडीची टेस्ट दिली, ती हॉलंडची सहा गटांवाली, तर निकाल एकदम सपाट, सगळ्या गटांत जवळपास सारखे मार्क. घरचे, मित्र, सगळे सिक्युरिटीचीच नोकरी सुचवतायत आणि आता तेही तेच धरून बसलेत. त्या कामाला मी कमी लेखत नाहीये, पण या माणसानं दुसरा काही विचार करूनच पाहिला नाहीये असं वाटतं. कोणी या बदलातून स्वतः गेलं असेल किंवा अशा लोकांसोबत काम केलं असेल तर सांगा, मी कुठे कमी पडतेय?

निवृत्त_सिग्नलवाला

ताई, ते खोटं नाही बोलले. आमच्यात मी हे केलं, मी ते केलं असं बोलणारा माणूस कोणाला आवडत नाही, काम झालं तर ते सेक्शननं केलं, बिघडलं तर माझ्यामुळे बिघडलं, हे पहिल्या वर्षापासून अंगात मुरतं. आणि तुम्ही इंटरव्ह्यूची तयारी करताना सांगता की आम्ही नका म्हणू, मी म्हणा. मला ते म्हणताना दुसऱ्याचं श्रेय चोरल्यासारखं वाटायचं, अजूनही थोडं वाटतं.

मला माझ्या कोचनं फार साधा प्रश्न विचारला होता. ड्युटी काय होती ते नको, म्हणे युनिटमधला कुठलाही एक मंगळवार सांगा, उठल्यापासून झोपेपर्यंत. मी सांगत गेलो आणि ते लिहीत गेले. सकाळी वायरलेस सेट चेक केले, बॅटऱ्यांचं रजिस्टर, दोन नवीन पोरांना शिकवलं, दुपारी संपर्काची एक लाइन गेली ती शोधायला निघालो, अंधार पडायच्या आत चालू करणं भागच होतं कारण पुढचे लोक तिच्यावर अवलंबून होते. दीड तास बोललो असेन. मग त्यांनी ते सगळं साध्या भाषेत वाचून दाखवलं: उपकरणांची देखभाल, नोंदी, प्रशिक्षण, वेळेच्या दबावाखाली बिघाड दुरुस्ती. काम माझंच, पण ऐकत पहिल्यांदाच होतो. घशात आवंढा आला होता. आज टेलिकॉमच्या मेंटेनन्समध्ये आहे, सहा वर्षं झाली.

आणखी एक गोष्ट, त्यांना कोर्सवर कोर्स करू देऊ नका. सैन्यात कोर्स केला की पुढची पोस्टिंग, प्रमोशन, काहीतरी ठरलेलं असतं, बाहेर सर्टिफिकेट घेऊन आलात तर दारात कोणी उभं नसतं. मी तीन कोर्स केले आणि तिसऱ्यानंतर कळलं की आधी काम ठरवायला हवं होतं.

भरतीतली

मी भरतीच्या बाजूनं सांगते. असे रेझ्युमे माझ्याकडे येतात आणि माझ्या आधीच ते गळतात, कारण चाळणी करणाऱ्याला त्यातला एक शब्द कळत नाही. तुमच्या या क्लायंटनी १९ वर्षांत सप्लायमध्ये जे केलं असेल त्याला बाहेर इन्व्हेंटरी (मालाचा साठा), वेअरहाउस (गोदाम), फ्लीट (गाड्यांचा ताफा), प्रोक्युअरमेंट (खरेदी) अशी नावं आहेत. पण नुसतं नाव बदलू नका, आकडा काढून घ्या. किती प्रकारच्या वस्तू, किती माणसं हाताखाली, ऑडिटमध्ये किती तफावत निघाली, किती गाड्यांचा ताफा आणि रस्त्यात एक बंद पडली तर काय ठरलेलं असायचं. कॉन्व्हॉय, म्हणजे एकत्र निघणारा गाड्यांचा ताफा, लावणं म्हणजे इंधन, थांबे, वेळापत्रक, पर्यायी रस्ता, बंद पडलेली गाडी परत आणणं, सगळं एकत्र, आणि हे करणारी माणसं आम्ही बाहेर शोधत फिरतो हो. फक्त जे गोपनीय आहे ते लिहून घेऊ नका, ठिकाणं आणि युनिटची ताकद न सांगताही कामाचा आवाका कळतो. ते स्वतःच तिथे थांबतील, तेव्हा खोदू नका.

इंटरव्ह्यूत हे लोक एका वाक्यात उत्तर देऊन थांबतात. विचारलं तेवढं सांगायची सवय. समोरच्याला वाटतं माहिती नाही किंवा मनच नाही. त्यांना सांगा की इथे परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, काय निष्पन्न झालं, एवढं सगळं सांगणं म्हणजे मोठेपणा नाही, ते रिपोर्टिंग आहे. हा शब्द वापरला की बऱ्याच जणांना एकदम मोकळं वाटतं असा माझा अनुभव आहे. काम संपल्यावर बसून काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं हे बोलायची पद्धत, ते आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू, कंपन्यांनी सैन्याकडूनच उचललीये. म्हणजे हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त चांगलं येतं!

आणि पगार. रँकवर ठरणारा पगार घेतलेल्या माणसानं आयुष्यात घासाघीस केलेली नसते, पहिला आकडा सांगितला की हो म्हणून मोकळे. वर आधी राहणं, औषधपाणी असं बरंच काही नोकरीतच मिळालेलं असतं, ते आता खिशातून जाणार, तो हिशोब ऑफर यायच्या आधी कागदावर मांडून घ्या.

जुना_कोच

वरच्या दोघांशी सहमत. टेस्टबद्दल सांगतो, सपाट निकाल म्हणजे माणसाला आवड नाही असं नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी ही मांडणी १९५९ मध्ये केली ती आवडी या गोष्टीवर उभी आहे, आणि ज्याला वर्षानुवर्षं कामच नेमून दिलेलं असतं तो प्रत्येक प्रश्नाला 'जमेल का' असं वाचतो, 'आवडेल का' असं नाही. जमेल तर सगळंच. मी टेस्ट तिसऱ्या चौथ्या सेशनपर्यंत काढतच नाही. त्याऐवजी विचारतो, कुठलं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही, आणि कुठली ड्युटी लागली की पोटात गोळा यायचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लवकर येतं, तिथूनच सुरू करा.

सिक्युरिटीचं म्हणाल तर मला त्याचं कारण ओळखींच्या जाळ्यात दिसतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की नोकरीची बातमी बऱ्याचदा जवळच्या मित्राकडून नाही, क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. माजी सैनिकांचे संबंध पोलादासारखे घट्ट असतात पण सगळे एकाच जगातले, त्यामुळे त्याच दोन-चार नोकऱ्या फिरत राहतात. माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिल्या महिन्यात पाच अनोळखी माणसांना भेटायला लावतो, नोकरी मागायला नाही, फक्त तुमचा दिवस कसा असतो हे विचारायला. आधी फार अवघडतात. त्याला टेहळणी म्हणा, जागा बघून येणं म्हणा, मग जातात. त्यानंतरही सिक्युरिटीच निवडली तर उत्तम, ती मग निवड असेल.

वेळ मात्र द्या. नोकरी, घर, मित्र, दिनक्रम, ओळख, इतकं सगळं एकाच तारखेला बदलणारी माणसं फार कमी असतात. अमेरिकेत तर सेवेतून मुक्त व्हायच्या निदान ३६५ दिवस आधी ही तयारी सुरू करायचा नियम आहे, तुमचे क्लायंट बाहेर पडल्यावर आलेत म्हणजे ते वर्ष त्यांना आता जगता जगता काढायचंय. आणि झोप उडालीये, दारू वाढलीये, घरात सारखी चिडचिड किंवा जगण्यातच अर्थ वाटत नाही असं काही कानावर आलं तर रेझ्युमे बाजूला ठेवा आणि मानसोपचार तज्ञाकडे न्या, ते आपलं काम नाही, तिथपर्यंत पोचवणं आपलं आहे. पण प्रत्येक सैनिक आतून मोडलेलाच असणार असं धरूनही बसू नका, तो समज त्यांना फार लागतो.

घरची_बाजू

मी कोच नाही, माझे मिस्टर नौदलातून बाहेर पडले. एकच सांगते, जमलं तर एका सेशनला बायकोला पण बोलवा. आमच्याकडे ते आठ महिने घरी होते आणि सगळे त्यांनाच विचारायचे काय ठरलं, मला मात्र एवढंच दिसायचं की सकाळी पाचला उठून इस्त्रीचा शर्ट घालून बसतायत आणि जायचं कुठेच नाही. ते मी कोचला सांगितलं म्हणून त्यांना कळलं, यांनी कधीच सांगितलं नसतं.

समुपदेशक_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सेशन होतं, मंगळवारवाला प्रश्न विचारला. पहिली दहा मिनिटं नेहमीसारखंच, मग एका बर्फाळ चौकीवर हिवाळा सुरू व्हायच्या आत सहा महिन्यांचं सामान चढवायचं होतं ते सांगायला लागले. काय आधी न्यायचं, काय गोठतं, कुठल्या पेटीवर कुठली पेटी ठेवायची, रस्ता बंद झाल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही म्हणून यादी तीनदा कशी तपासायची. हातवारे करून सांगत होते. मी चार पानं लिहिली. वाचून दाखवल्यावर म्हणाले, "हे कामात धरतात?" मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात एका वेअरहाउस मॅनेजरना भेटायला जातायत, फक्त विचारायला. त्यांच्या मिसेसना पण बोलवलंय. काय होतं ते इथे येऊन सांगते.