लँडाऊ डॅम्पिंग: अवमंदन, विरणं की ओसरणं?

भाषांतरवाली: प्लाझ्मातल्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतल्या, लाटांचं गणित क्वांटम संगणकावर कसं मांडतात, यावरचा लेख मराठीत करतेय. 'लँडाऊ डॅम्पिंग', म्हणजे तिथली लाट आपोआप क्षीण होणं, याला 'अवमंदन' लिहिलं. संपादक विचारतात, क्वांटम संगणकाच्या क्रिया उलटवता येतात, मग तिथे अवमंदन कसलं?

तिरकस: शंका रास्त आहे. अवमंदन म्हटलं की घर्षण नि उष्णता आलीच. भौतिकशास्त्रज्ञ लँडाऊनं 1946 मध्ये मांडलेला परिणाम टकरींविना होतो. विद्युतक्षेत्र क्षीण होतं, पण माहिती वेग-वितरणातल्या (कुठल्या वेगाचे किती कण, त्या आलेखातल्या) बारीक सुरकुत्यांत शिल्लक राहते. 'विरणं' लिहा.

जुनी पाटी: विरलेलं कापड परत धड होत नाही! इथे तर क्षीण झालेल्या लाटेचा प्रतिध्वनी उमटतो, 1968 मध्ये प्रयोगात दिसलाय. 'ओसरणं' घ्या. पूर ओसरला तरी पाणी कुठेतरी असतंच.

तिरकस: मान्य. एंगेल, स्मिथ, पार्कर यांच्या 2019 च्या क्वांटम संगणकासाठीच्या रीतीत हेच होतं. रेषीय व्लासोव्ह समीकरणातली (वेग-वितरण कसं बदलतं ते सांगणारं समीकरण) चलं अशी बदलून घेतात की क्षेत्र आणि वितरण यांच्या वर्गांची बेरीज कायम राहते. एकाचं घटतं ते दुसऱ्यात जातं.
पण 'परतणं' हा शब्द जपून. समजा तरंगांक k = 0.5 (डेबाय लांबी, म्हणजे प्लाझ्मात विद्युतभाराचा प्रभाव झाकला जातो ते अंतर, त्या मापात), वेग −6 ते 6, त्यावर बिंदू 64, म्हणजे वेगासाठी 6 क्यूबिट (क्वांटम संगणकाचे बिट). दोन बिंदूंतलं अंतर Δv, मग 2π/(kΔv), साधारण 67 काल-एककांनी लाट परत उभी राहते. तो प्रतिध्वनी नाही, वेगाच्या बिंदूंच्या जाळीचा दोष आहे. एक क्यूबिट वाढवा, हा काळ दुप्पट होतो.

शुद्धमती: त्याआधी 'प्लाझ्मा' काढा. 'आयनद्रायू' असा चांगला शब्द आहे.

जुनी पाटी: नेमका इथेच नको. द्रायू म्हणजे वाहणारा पदार्थ, आणि साध्या द्रायूच्या समीकरणांत लँडाऊचा परिणाम दिसतच नाही, त्याला वेग-वितरण लागतं.

शुद्धमती: मग 'क्वांटम'ही ठेवाल. 'पुंज' काय वाईट?

तिरकस: 'पुंज संगणक' म्हणजे संगणकांचा ढीग वाटतो. त्यापेक्षा 'मापन' नीट समजवा. क्षेत्र शंभरपट घटलं की ते सापडण्याची शक्यता दहा हजारपट घटते. दहा टक्के अचूकतेला साधी मोजणी दहा लाखांच्या घरात जाते. आयाम-अंदाजाची (amplitude estimation) रीत हजारांवर आणते, पण सर्किट, म्हणजे क्वांटम क्रियांची साखळी, तितकंच लांबतं.

भाषांतरवाली: मथळ्यात 'ओसरणं' चालेल ना?

शुद्धमती: 'सर्किट'ला 'परिपथ' म्हणतात.