रेशीम मार्ग : मे की सप्टेंबर? तातडीने मदत हवी आहे

वाटसरू
रेशीम मार्गावर जायचं नक्की झालंय. मे की सप्टेंबर, एवढंच ठामपणे सांगा. जो तो वेगळंच सांगतोय आणि तिकिटं रविवारपर्यंत काढायची आहेत. टूर कंपनी नको, आमचं आम्ही जाणार.

सह्यवेडा
मार्गाचा कुठला तुकडा? किती दिवस? बरोबर कोण? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मृण्मयी_प
मे! आम्ही उझबेकिस्तानात ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा केलं. तुती पिकलेल्या, हवा छान. जूनअखेरपासून चाळीस दिवस मात्र तिकडे 'चिल्ला', पारा चाळिशीच्या वर.

जयंतराव
असहमत. सप्टेंबरच. ऊन उतरतं, बाजारात खरबुजं आणि द्राक्षं. बुखाऱ्याचं खरबूज खाल्लं नाही तर गेलात कशाला?

शमाताई
शाकाहारी असाल तर मेतकूट आणि दाण्याची चटणी न्याच. पुलावात मटण असतंच.

वाटसरू
शमाताई, आभार, पण मी महिना विचारलाय. आणि उझबेकिस्तान नाही हो! किर्गिझस्तानातलं बिश्केक, सोंग-कुल तलाव, ताश रबातची जुनी दगडी सराई, मग तोरुगार्त खिंडीतून चीनमधलं काशगर. आई बरोबर आहे, वय ६८.

सह्यवेडा
हे आधी सांगायचं ना! मे बाद. सोंग-कुल ३,००० मीटरवर आहे, मेमध्ये बर्फ असतो. धनगरांचे यर्ट (गोल तंबू) जूनमध्ये लागतात, सप्टेंबरच्या मध्याला उठायला लागतात. तोरुगार्त ३,७५२ मीटर, शनिवार-रविवारी बंद असू शकते. चीनच्या बाजूची गाडी आणि परवानगी आधीच ठरवावी लागते, त्याशिवाय सोडत नाहीत. १ ऑक्टोबरपासून चीनमध्ये राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी, त्याआधी काशगर उरका.

मृण्मयी_प
उझबेकिस्तानसाठी मी अजूनही मेच म्हणेन.

जयंतराव
मृण्मयीताई, त्यांना तिथे जायचंच नाहीये.

इतिहासप्रेमी
व्यापारी मार्ग बघायचा तर आपला नाणेघाट आहे की! सातवाहनांचा लेख, जकातीचा दगडी रांजण. पाऊस सरला की जा.

वाटसरू
नाणेघाट चार वेळा झालाय. तर सप्टेंबरचा पहिला आठवडा धरतो. आईला सोंग-कुलला रात्र झेपेल? ज्येष्ठांना कोणी नेलंय का?

सह्यवेडा
मी वडिलांना नेलं होतं, ७१ वय. बिश्केकहून थेट वर चढू नका. मध्ये नारीनला मुक्काम करा, ते २,००० मीटरच्या आसपास आहे. रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, थर्मल आणि कानटोपी हवीच. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर तिकिटाआधी डॉक्टरांना विचारा.

वाटसरू
बीपी आहे. उद्याच जातो.