हौशी नाटकाचे तिकीट लावून प्रयोग करायचे आहेत, सल्ला हवा (पुणे, बजेट दीड लाख)

वळचण
नमस्कार मंडळी. आमचा नऊ-दहा जणांचा ग्रुप आहे, सगळे नोकरीवाले. यंदा राज्य नाट्य स्पर्धेत दोन अंकी नाटक केलं. बक्षीस नाही मिळालं, पण प्रयोग संपल्यावर बरेच जण 'पुढचा प्रयोग कुठे?' म्हणून विचारत होते. तेव्हा तिकीट लावून चार-पाच प्रयोग करावेत असं चाललंय. सेट एकाच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे, सोसायटीवाले रोज ओरडतात. छोटं नाट्यगृह घ्यावं की मोठं? तिकीट किती ठेवावं? पेपरात जाहिरात देऊन उपयोग होतो का? पैसे वर्गणीचे आहेत, दीड लाख. त्यापुढे एक रुपया नाही.

तिसरी_घंटा
दीड लाखात काय होणार? जाहिरातीतच संपतील. किमान सहा-सात लाख बाजूला ठेवा आणि मालिकेतला एक ओळखीचा चेहरा घ्या. लोक नाटकाला येत नाहीत, चेहऱ्याला येतात. आमच्या निर्मितीत आम्ही तसंच केलं, पहिले काही रविवार बोर्ड लागला हाऊसफुल्लचा.

वळचण
दादा, बजेट दीडच आहे. चेहऱ्याची एक नाईट (एका प्रयोगाचं मानधन) द्यायची म्हटली तरी आमचा सेटचा टेम्पो राहील.

तिसरी_घंटा
मग स्पॉन्सर शोधा. सराफ, बिल्डर, मसालेवाले. तिकिटाच्या मागे जाहिरात छापा.

कोपऱ्यातली_खुर्ची
मसालेवाल्यांनी आम्हाला पैशांऐवजी मसाल्याची पाकिटं दिली होती. प्रत्येक खुर्चीवर एक. दुसऱ्या अंकात सगळं नाट्यगृह गोड्या मसाल्याच्या वासाने घमघमत होतं आणि रंगमंचावर मृत्यूचा प्रसंग.

नेपथ्यवाला
सेटचं माप सांगा आधी. स्पर्धेचे सेट लोक मोठ्या रंगमंचाच्या हिशोबाने उभे करतात. तोच घेऊन सुदर्शनसारख्या छोट्या रंगमंचावर गेलात तर कलाकार उभे कुठे राहणार? छोट्या जागेसाठी दोन फ्लॅट (उभ्या भिंती) आणि एक लेव्हल (चौथरा) एवढ्यात भागवा, दार नुसती चौकट ठेवा. दुसरं म्हणजे सगळं बिजागरीवर मोडून टेम्पोत आडवं बसलं पाहिजे. नाट्यगृह तासांवर मिळतं. सेट लावायलाच तीन तास गेले तर लाईटवाल्याने फोकस कधी करायचा? पडदा वर गेल्यावर?

पेठेतली_काकू
मी वर्षानुवर्षं नाटकं बघते आहे, भरतला, टिळक स्मारकला, बालगंधर्वला. एकच सांगते. मोबाईल बंद करायची घोषणा नाटकातल्याच एखाद्याने स्टेजवर येऊन करा. रेकॉर्ड लावली की कोणी ऐकत नाही. मागच्या महिन्यात माझ्या शेजारचा माणूस अंकभर शेअरचे भाव बघत होता.

प्रॉम्प्टर
काकू, प्रश्न नाट्यगृहाचा आहे.

पेठेतली_काकू
मग नाट्यगृहातलंच सांगते आहे ना?

हिशेबनीस
सीए आहे आणि हौशी नट आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. आधी कागदावर दोन रकाने करा. एकदाच होणारा खर्च (सेटची डागडुजी, पोस्टरचं डिझाईन, फोटो, ट्रेलर) एकीकडे. दर प्रयोगाला होणारा दुसरीकडे: नाट्यगृहाचं भाडं, एसीचे वेगळे असतील तर ते, लाईट-साऊंड, टेम्पो, रंगभूषा, लेखकाचं मानधन, चहा-वडा. समजा प्रयोगाला ३५,००० लागतात आणि २०० रुपये तिकिटाने शंभर माणसं आली. जमा २०,०००, तूट १५,०००. म्हणजे तुमचे दीड लाख हे खर्चाचं बजेट नाहीच, ते तूट भरायचं बजेट आहे. पहिल्या रकान्यात ६०,००० गेले तर उरलेल्या ९०,००० मध्ये अशा सहा प्रयोगांची तूट बसते. आता तुम्हीच ठरवा.

जीएसटीची भीती घालणारे भेटतील. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. २५० ची मर्यादा होती, ती २०१८ मध्ये वाढवली. ऑनलाईन तिकीट काढताना ॲपवाले जे सुविधा शुल्क लावतात त्यावर असतो, ते वेगळं.

तिसरी_घंटा
मी वर तेच म्हटलं. दीड लाख कमी आहेत.

हिशेबनीस
मी ते म्हटलेलं नाही.

एनजेकर
इथून, न्यू जर्सीतून, मदत करायला आवडेल. आमच्या मंडळात बरेच नाटकवेडे आहेत, प्रत्येकी शंभर डॉलर सहज काढतील. इकडच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला पुण्या-मुंबईची नाटकं येतात तेव्हा तीन-तीन तास बसून बघतो आम्ही. तुमचं नाटक इकडेही आणा! सेट इथे बनवू, आमच्या गराजमध्ये सगळी हत्यारं आहेत.

हिशेबनीस
थांबा. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी बँकेतून रीतसर पाठवले तर अडचण नाही. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) असले तरी, त्यांची देणगी विदेशी धरली जाते आणि त्याला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांचा कायदा, लागतो. नऊ जणांच्या ग्रुपने त्या भानगडीत पडू नये. त्यांच्या इथल्या आईवडिलांना तिकिटं घ्यायला सांगा.

एनजेकर
आई येईल. वडिलांना नाटक आवडत नाही.

झाडीपट्टीकर
तुमची पुण्या-मुंबईची चर्चा वाचून गंमत वाटते. आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडशाला या. भाऊबीजेनंतर सीझन सुरू होतो तो होळीपर्यंत. गावचं मंडळ कंपनीकडून नाटक ठरलेल्या रकमेला घेतं, मंडप मंडळाचा, तिकीटविक्री मंडळाची, शंकरपट (बैलांची शर्यत) असेल तर गर्दी विचारू नका. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, लेकरं मांडीवर झोपलेली आणि बाया बसून. अनुदान नाही, चेहरा नाही. आमच्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे तुमच्या पेपरांना झाडीपट्टी दिसली.

कोपऱ्यातली_खुर्ची
हे तुम्ही मागच्या तीन धाग्यांवरही लिहिलंय.

झाडीपट्टीकर
चौथ्यावरही लिहिणार.

नांदीपासून_हजर
टोमणे बाजूला ठेवा, त्यांच्या बोलण्यात मुद्दा आहे. प्रयोग विका. कॉन्ट्रॅक्ट शो म्हणतात त्याला. बँकेची कर्मचारी संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ, कॉलेजचे माजी विद्यार्थी, एखादं जातीचं मंडळसुद्धा. ते ठरलेली रक्कम देतात, माणसं तेच आणतात, नाट्यगृह बहुतेक तेच घेतात. पाचातले दोन प्रयोग असे गेले तर बाकी तीन निर्धास्त करता येतील. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. मित्राची संस्था असेल तर पूर्ण आगाऊ घ्या.

मी दादरचा, छबिलदास शाळेतली नाटकं बघितलेला माणूस. १९७० च्या दशकात आविष्कार या नाट्यसंस्थेची मंडळी त्या शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग करायची. कसली रील्स आणि कसला ट्रेलर! लोक शोधत यायचे.

प्रॉम्प्टर
काका, तेव्हा घरी नेटफ्लिक्स नव्हतं.

नांदीपासून_हजर
तेव्हा दादरला पार्किंगही लागत नव्हतं, हे मान्य.

रविवार_दुपार
जाहिरातीबद्दल कोणीच नीट लिहीत नाहीये. पेपरातल्या नाटकांच्या रकान्याला सेंटीमीटरवर पैसे पडतात. म्हणून नाव दोन शब्दांचं ठेवा, 'एका घराची न संपणारी गोष्ट' वगैरे नको. पन्नाशीच्या पुढचा प्रेक्षक अजूनही तो रकाना बघूनच रविवार ठरवतो, पण तिथे तुमच्या आजूबाजूला मोठी नाटकं असतात, त्यात अनोळखी नाव वाचलं जात नाही. मी पेपरावर एक छदाम घालवणार नाही. प्रत्येक कलाकाराने पंधरा माणसांना स्वतः फोन करायचा. मेसेज नाही, फोन. ग्रुपवर पोस्टर टाकलं की लोक अंगठा देतात, तिकीट काढत नाहीत. ऑनलाईनला बुकमायशो आणि तिकिटालय दोन्ही बघा, पण फोन बुकिंगसाठी एक नंबर ठेवाच, ज्येष्ठांना खुर्ची कोणती ते बोलून ठरवायचं असतं. 'जिन्याजवळची नको, एसीखालची नको.'

पेठेतली_काकू
एसीखालची नकोच.

तिसरी_घंटा
पहिल्या प्रयोगाला पास वाटा, समीक्षक बोलवा, हॉल भरलेला दिसला पाहिजे.

रविवार_दुपार
अजिबात नको. पासवाला दुसऱ्यांदाही पासच मागतो. शिवाय पाऊस आला की पहिला तोच घरी बसतो, त्याचं काय जातंय?

तिसरी_घंटा
रिकाम्या खुर्च्यांसमोर नटांचा जीव जातो. तुम्ही कधी काम केलंय का स्टेजवर?

रविवार_दुपार
तिकीट काढून बघितलंय. तेही काम आहे.

प्रॉम्प्टर
दोन कागद विसरू नका. एक, लेखकाची लेखी परवानगी. स्पर्धेसाठी दिली म्हणजे तिकीट लावून करायला दिली असं होत नाही, मानधन प्रयोगागणिक किती ते त्यातच लिहून घ्या. दोन, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र. स्पर्धेच्या वेळी काढलं असेलच, ते शोधून ठेवा, नाट्यगृहवाले अर्जासोबत मागतात. आणि सिनेमातलं गाणं वाजवत असाल तर ते काढून टाका, ग्रुपमधल्या कोणाला तरी पेटी येत असेल.

जागा छोटीच घ्या. सुदर्शन किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृह. साठ माणसं तिथे गर्दी वाटतात, मोठ्या नाट्यगृहात तीच साठ माणसं म्हणजे शोकसभा.

नेपथ्यवाला
+१. छोटंच.

नांदीपासून_हजर
छोटंच.

हिशेबनीस
छोटं. रकाने करा.

वळचण
सगळ्यांचे मनापासून आभार. रकाने केले, परवानगीचं पत्र लेखकाने लगेच दिलं. एका ज्येष्ठ नागरिक संघाशी प्रयोग विकण्याचं बोलणंही चालू आहे, त्यांची अट एकच, नाटक साडेआठच्या आत संपलं पाहिजे.

जागेचं मात्र वेगळंच झालं. एका व्यावसायिक नाटकाने तारीख सोडली आणि महापालिकेच्या मोठ्या नाट्यगृहात मंगळवारची रात्र मिळाली. घेतली. सेट आहे तसाच बसतो, कापावा लागत नाही, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला एकदा तरी त्या स्टेजवर उभं राहायचं होतं. पेपरात जाहिरातही देतोय, चार सेंटीमीटर. आमच्या दिग्दर्शकाच्या आईला कात्रण हवंय.

रविवार_दुपार
मंगळवार???

हिशेबनीस
रात्री साडेनऊला? दुसऱ्या दिवशी ऑफिस असताना?

तिसरी_घंटा
मी म्हटलं होतं ना, मोठंच घ्या.

कोपऱ्यातली_खुर्ची
तुम्ही चेहरा घ्या म्हणाला होतात.

पेठेतली_काकू
मंगळवारी मी येते. मधल्या ब्लॉकमधली द्या, एसीखालची नको. बरोबर वहिनी आणि तिची बहीण, तीन तिकिटं. फोन कुठल्या नंबरवर करायचा?

वळचण
व्यनि (खाजगी निरोप) केलाय काकू. आणि नेपथ्यवाला, सेट सोमवारी रात्री हलवायचा आहे, चौदा फुटी टेम्पो पुरेल का?

नेपथ्यवाला
माप सांगा म्हटलं होतं पहिल्याच दिवशी. अजून सांगितलेलं नाही.