अपडेटनंतर मोबाईल घरच्या वायफायला जोडला जात नाही – सल्ला हवा आहे

बालाघाटवासी (अंबाजोगाई):

नमस्कार. आमच्या घरी गावातील केबलचालकाचे फायबर कनेक्शन आहे आणि राउटरही त्यांनीच बसवून दिलेला आहे. गेल्या आठवड्यात माझ्या अँड्रॉइड मोबाईलने रात्रीतून अपडेट घेतले आणि सकाळपासून तो घरच्या वायफायला जोडलाच जात नाही. काही क्षण 'कनेक्ट होत आहे' असे दिसते आणि मग नेटवर्कच्या नावाखाली फक्त 'सेव्ह केलेले' एवढेच उरते. त्याच राउटरवर आमच्या सौभाग्यवतींचा मोबाईल आणि टीव्ही व्यवस्थित चालतात, त्यामुळे लाइनमध्ये दोष नसावा असे वाटते. नेटवर्क 'विसरा' करून पासवर्ड पुन्हा टाकला, राउटर आणि मोबाईल दोन्ही बंद करून चालू केले. फरक पडला नाही. मोंढ्याजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात विचारले असता 'सॉफ्टवेअर नव्याने टाकावे लागेल, आतले सगळे जाईल' असे उत्तर मिळाले. मोबाईलमध्ये बँकेचे ॲप, पीकविम्याच्या पावत्या आणि सातबाऱ्याची कागदपत्रे आहेत. त्यामुळे तसे करण्याआधी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

तारजोड (परभणी):

सॉफ्टवेअर नव्याने टाकण्याची घाई अजिबात करू नये. अपडेटनंतर वायफाय बंद पडले की मोबाईलच बिघडला असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोष मोबाईलमध्ये आहे, राउटरमध्ये आहे की त्या दोघांच्या आपसांतल्या ओळखीत आहे, हे आधी वेगळे करावे लागते. त्यासाठी पैसे लागत नाहीत. वहिनींच्या मोबाईलवर हॉटस्पॉट सुरू करा आणि आपला मोबाईल त्याला जोडून पाहा. जोडला गेला, तर आपल्या मोबाईलचा वायफायचा भाग आणि नवे सॉफ्टवेअर ठीक आहे, असे समजून पुढे जाता येईल. जोडला गेला नाही, तर दुकानदाराच्या म्हणण्याचा विचार करू. आणखी एक सांगा: कनेक्शन देताना केबलचालकाने 'तुमचे मोबाईल द्या, नोंद करून ठेवतो' असे काही केले होते का?

गोदातीर (नांदेड):

माझ्या मते एकदा 'नेटवर्क सेटिंग्ज रीसेट' करून पाहावे. फोटो, कागदपत्रे आणि ॲप जशीच्या तशी राहतात. फक्त साठवलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात. सेटिंग्जमधल्या 'सिस्टम' किंवा 'जनरल मॅनेजमेंट' या विभागात 'रीसेट'खाली हा पर्याय सापडतो. कंपनीनुसार जागा थोडी बदलते.

तारजोड (परभणी):

गोदातीर यांचा उपाय निर्धोक आहे, पण तो दुसऱ्या पायरीवर ठेवावा. मला जी शंका आहे ती खरी ठरली, तर रीसेटने काहीच सुटणार नाही.

बालाघाटवासी (अंबाजोगाई):

हॉटस्पॉटला मोबाईल तत्काळ जोडला गेला. आपण विचारलेली गोष्टही खरी आहे. शेजारच्या मुलांना आमचा पासवर्ड समजला होता, म्हणून केबलचालकाच्या मुलाने राउटरमध्ये 'फक्त घरचे मोबाईल चालतील' अशी व्यवस्था करून दिली होती. त्या वेळी त्याने आमचे दोन्ही मोबाईल आणि टीव्ही यांवरून काही आकडे लिहून घेतले होते.

तारजोड (परभणी):

मग कारण जवळजवळ सापडले आहे. त्याने लिहून घेतले ते मॅक पत्ते. वायफायला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच बारा अंक-अक्षरांचा एक पत्ता दिलेला असतो. तो दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहितात आणि पहिल्या तीन जोड्यांवरून उत्पादक कोण ते कळते. आपल्या राउटरमध्ये अशा पत्त्यांची यादी आहे आणि यादीबाहेरच्या उपकरणाला, त्याने पासवर्ड अचूक सांगितला तरी, राउटर उभे करत नाही.

अडचण अशी की हा कायमचा पत्ता पाहून बाजारपेठा, मॉल आणि स्थानकांवरील वायफाय यंत्रणा एकाच माणसाचा मोबाईल कुठे कुठे फिरतो याचा माग काढू शकतात. तो माग लागू नये म्हणून प्रत्येक नेटवर्कपुढे वेगळा, बनवलेला पत्ता सादर करण्याची पद्धत आली. अँड्रॉइडमध्ये ती २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून मूळपदी (आपण काही न बदलता) चालू असते आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून. आयओएस १४ आले तेव्हा, पूर्वी नीट चालणारे आयफोन यादी लावलेल्या राउटरवर अडल्याच्या तक्रारी सर्वत्र झाल्या होत्या. आपल्या मोबाईलवर पूर्वी खरा पत्ता वापरण्याची निवड असावी आणि अपडेटने ती मूळपदावर नेली असावी, असा माझा अंदाज आहे. नेटवर्क 'विसरा' केल्यानेही ती निवड पुसली जाते, म्हणून तो उपाय आपल्याला लागू पडला नाही.

खात्री करून घेण्याची एक सोपी खूण आहे. वायफायच्या यादीत घरच्या नेटवर्कच्या नावापुढील चक्राच्या (सेटिंगच्या) चिन्हावर बोट ठेवा आणि तिथे दिसणारा मॅक पत्ता वाचा. पहिल्या जोडीतील दुसरी खूण २, ६, ए किंवा ई यांपैकी असेल, तर तो पत्ता बनवलेला आहे. कारखान्यातून आलेल्या पत्त्यात त्या जागी सहसा यांपैकी काही नसते.

बालाघाटवासी (अंबाजोगाई):

पाहिले. पत्त्याची सुरुवात 'डी-ए' अशी आहे, म्हणजे दुसरी खूण ए. त्याच पानावर खाली 'गोपनीयता' असा विभाग असून त्यात 'रँडमाइज्ड मॅक' निवडलेले आहे. ते बदलून 'फोन मॅक' करावे का?

तारजोड (परभणी):

करावे, मोबाईल लगेच जोडला जाईल. ही निवड प्रत्येक नेटवर्कपुरती वेगळी असते, त्यामुळे घरच्या वायफायसाठी खरा पत्ता वापरला तरी बसस्थानकावर किंवा लॉजमध्ये बनवलेलाच पत्ता पुढे जातो.

तरीसुद्धा, ती यादीच काढून टाकावी असे मी सुचवेन. यादीमुळे सुरक्षितता वाढते हा समज चुकीचा आहे. मॅक पत्ते हवेतून उघडे जातात, साधे सॉफ्टवेअर वापरून ते वाचता येतात आणि दुसऱ्या उपकरणाला तेच पत्ते धारणही करता येतात. म्हणजे जाणकार माणूस यादीने अडत नाही आणि घरी आलेले पाहुणे मात्र अडतात. शेजारच्या मुलांना पासवर्ड कळला असेल तर पासवर्डच बदलावा. तो बारा-पंधरा अक्षरांचा ठेवावा आणि राउटरमध्ये सुरक्षा (वायफायवरची माहिती कुलूपबंद करण्याची पद्धत) 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-२/३ मिश्र' अशी निवडावी. निव्वळ 'डब्ल्यूपीए-३' निवडल्यास जुना टीव्ही जोडला न जाण्याची शक्यता असते.

मन्याडकाठ (लातूर):

आयफोनधारकांसाठी भर घालतो. आयओएस १८ पासून 'खासगी वायफाय पत्ता' या सेटिंगमध्ये बंद, स्थिर आणि बदलता असे तीन पर्याय आहेत. यादी ठेवायचीच असेल तर घरच्या नेटवर्कसाठी 'स्थिर' निवडून तोच पत्ता राउटरमध्ये नोंदवावा. मात्र त्यानंतर कधी नेटवर्क सेटिंग्ज रीसेट केल्या, तर आयफोन नवा पत्ता तयार करतो आणि नोंद पुन्हा करावी लागते.

विद्यार्थी_०७ (नांदेड):

माझी अडचण थोडी वेगळी आहे. महाविद्यालयाच्या वायफायला वापरकर्तानाव आणि पासवर्ड असे दोन्ही लागतात. जुन्या मोबाईलवर 'प्रमाणपत्र तपासू नका' असे निवडले की काम होत असे; नव्या मोबाईलवर तो पर्यायच दिसत नाही आणि 'डोमेन' विचारले जाते. तिथे काय लिहावे?

तारजोड (परभणी):

तो पर्याय जाणीवपूर्वक काढलेला आहे. प्रमाणपत्र म्हणजे समोरचे वायफाय खरोखर महाविद्यालयाचेच आहे याचा पुरावा; ते न तपासता जोडणी केली, तर कोणीही त्याच नावाचे खोटे वायफाय उभारून आपले वापरकर्तानाव आणि पासवर्ड मिळवण्याचा प्रयत्न करू शकतो. म्हणून डिसेंबर २०२० च्या सुरक्षा अपडेटपासून अँड्रॉइड ११ मधून तो हटवण्यास सुरुवात झाली. 'डोमेन'च्या रकान्यात अंदाजाने काही लिहू नका. महाविद्यालयाच्या संगणक विभागाकडून सर्व्हरचे (लॉगिन तपासणाऱ्या संगणकाचे) अचूक नाव घ्या आणि प्रमाणपत्राच्या जागी ते सांगतील तो पर्याय निवडा. आपला मोबाईल अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचा असेल, तर 'पहिल्या वापरावेळी विश्वास ठेवा' असा पर्याय मिळू शकतो. तो महाविद्यालयाच्या आवारातच, संगणक विभागाकडून खात्री करून वापरावा.

गोदातीर (नांदेड):

ज्यांचा मोबाईल जोडला जातो, पण 'इंटरनेट नाही' असे दाखवतो, त्यांनी मॅक पत्त्याच्या मागे लागू नये. अँड्रॉइडमधील 'खासगी डीएनएस' (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरची निवड) आधी पाहावे. जाहिराती रोखण्यासाठी तिथे कधीतरी एखाद्या सर्व्हरचे नाव लिहिलेले असते, तो सर्व्हर त्या वायफायवरून गाठता आला नाही की सगळेच अडते. 'स्वयंचलित' निवडून पाहा. व्हीपीएन ॲप (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे) चालू असल्यास तेही बंद करा आणि तारीख-वेळ बरोबर आहे ना, एवढे तपासा.

माळवद (धाराशिव):

आमच्याकडे अपडेटनंतर जोडणी होते, पण माजघरात गेले की तुटते. घर जुने, माळवदाचे. भिंती दगड-मातीच्या आणि दोन हातांच्या आसपास जाड. राउटर ओसरीत आहे. पूर्वी निदान मंद का होईना, चालत असे.

तारजोड (परभणी):

राउटर २.४ आणि पाच गिगाहर्ट्झ अशा दोन लहरी-पट्ट्यांवर चालत असेल, तर मोबाईल आता पाच गिगाहर्ट्झला पसंती देत असावा. तो पट्टा वेगवान आहे, पण जाड भिंतीपुढे लवकर क्षीण होतो, २.४ गिगाहर्ट्झ मंद असला तरी भिंत तुलनेने बरी ओलांडतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल, तर राउटरमधील 'स्मार्ट कनेक्ट' किंवा तत्सम नावाची सोय बंद करून त्यांना वेगवेगळी नावे द्या आणि माजघरात वापरायच्या मोबाईलवर फक्त २.४ चे नेटवर्क साठवा. त्या पट्ट्यात चॅनल (पट्ट्याचा उपविभाग) १, ६ किंवा ११ यांपैकी एक पक्के ठरवून टाका. चॅनल 'ऑटो'वर असले, की लाइट जाऊन आल्यावर राउटर नव्याने निवड करतो आणि कधी बारा-तेरावर जाऊन बसला तर काही मोबाईलना तो दिसतही नाही.

तरीही अशा घरात एका राउटरकडून फार अपेक्षा ठेवू नये. ओसरीतून माजघरात केबल नेऊन तिथे दुसरा जुना राउटर 'ॲक्सेस पॉइंट' (केबलवरून आलेले इंटरनेट तिथे वायफायने देणारा) म्हणून लावणे हा खात्रीचा मार्ग आहे. केबलसाठी भिंतीला भोक पाडण्याची गरज नाही, दाराच्या चौकटीलगत ती सहज जाते. भिंतीतून हवेवर संकेत उचलून पुढे देणारा रिपीटर मात्र घेऊ नका. जिथे संकेतच पोचत नाही तिथे तो उचलणार काय?

बालाघाटवासी (अंबाजोगाई):

'फोन मॅक' निवडताच मोबाईल जोडला गेला. आज केबलचालकाच्या मुलाला बोलावून यादी काढून टाकली आणि पासवर्ड बदलून घेतला. टीव्ही आणि दुसरा मोबाईलही नव्या पासवर्डने जोडले गेले. यादी नसल्यामुळे आता पुन्हा 'रँडमाइज्ड'वर ठेवले तर चालेल का? तसेच राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड त्याच्याचकडे आहे, तो मागणे योग्य ठरेल का?

तारजोड (परभणी):

ठेवावे, आता काहीच अडणार नाही. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड मात्र अवश्य मागून घ्या. काही केबलचालक सर्व ग्राहकांकडे एकच ठेवतात, तसे असेल तर तोही बदलून घ्या आणि नवा पासवर्ड राउटरच्या खालच्या बाजूला न चिकटवता घरातल्या वहीत लिहून ठेवा.