टो ट्रकची सूट आणि त्यातली अट

"टोइंगवाल्यांना वजनमर्यादेतून सूट कशाला? आधी माल उतरवावा, मग ट्रक ओढावा" हे अमेरिकेतल्या टो ट्रकबद्दलच्या (बंद पडलेली गाडी ओढून नेणारे ट्रक) चर्चेत आलेलं मत मला पटत नाही. भर हायवेच्या कडेला तासन्‌तास माल उतरवत राहणं हाच मोठा धोका आहे. मागून सुसाट गाड्या येत असतात आणि माणसं लेनपासून दोन हातांवर उभी असतात.

अमेरिकेत इंटरस्टेटवर (राज्यांना जोडणारे मोठे महामार्ग) गाडीच्या एकूण वजनाला ८०,००० पौंड (सुमारे ३६ टन) आणि टँडम ॲक्सलवर (एकामागे एक जवळ असलेल्या दोन ॲक्सलच्या जोडीवर) ३४,००० पौंड अशी केंद्रीय मर्यादा आहे. पूर्ण भरलेला ट्रक एकटाच त्या मर्यादेला टेकतो. त्याचं पुढचं टोक टो ट्रकने उचललं की तो भार टो ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर येतो, म्हणजे नियम मोडल्याशिवाय ओढताच येत नाही. म्हणून २०१५ च्या फास्ट ॲक्ट या केंद्रीय वाहतूक कायद्यामध्ये जड टो ट्रकना या मर्यादेतून वगळलं.

या चर्चेत कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे त्यातली अट. बंद पडलेली गाडी जागेवरून जवळच्या योग्य दुरुस्ती केंद्रातच न्यायची, आणि ओढणाऱ्या वाहनाचं वजन ओढल्या जाणाऱ्या वाहनाइतकं किंवा जास्त हवं. आता भरलेल्या ८०,००० पौंडांच्या ट्रकइतका जड टो ट्रक सहसा नसतोच! जिथे सूट सगळ्यात जास्त लागते, तिथेच ती अडते. शिवाय ही सूट इंटरस्टेटवरच्या केंद्रीय मर्यादेपुरतीच. बाकी रस्त्यांवर त्या त्या राज्याचा कायदा. टोइंगवाल्यांच्या संघटनांनी भांडायचं असेल तर या वजनाच्या अटीवर भांडावं, मी त्यांच्या बाजूने आहे.